सातवी ‘ब’चा बैल

सातवी ‘ब’च्या अडतीस मुलांनी मुख्याध्यापक ठवरे सरांना दिलेला अर्ज अगदी नमुन्याबरहुकूम होता. वर दिनांक, डावीकडे ‘प्रति’, मधोमध ‘विषय’, मग ‘महोदय’ आणि शेवटी ‘आपले आज्ञाधारक विद्यार्थी’. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, ‘आमच्या वर्गाचा चित्रकलेचा तास निशिगंधा मॅडम यांना देण्याबाबत.’ सध्या तो तास घेणाऱ्या सुमेधा मोहरीलने तो अर्ज ठवरे सरांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या दोनदा वाचला. अर्ज कसा लिहावा हे या मुलांना मराठीच्या तासाला निशिगंधा मॅडमनीच शिकवलं होतं. शिकवलेल्याचा इतक्या लवकर इतका चोख उपयोग झालेला पाहून कोणत्याही शिक्षिकेला समाधान वाटलं असतं. सुमेधाला वाटलं नाही.

चौथी सही गुंजनची होती. ही गुंजन म्हणजे सापाची कात न फाटता कंपासपेटीत घालून शाळेत आणणारी मुलगी. सरड्याला पापण्या असतात का, असं सुमेधाला जिन्यात अडवून विचारणारी. बाकीच्या सदतीस सह्या सुमेधाने कशाबशा पचवल्या. चौथी घशात अडकली.

घाटंजीच्या त्या शाळेत चित्रकलेचे वामनराव सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा भरण्याचा प्रस्ताव वर गेला आहे आणि तो विचाराधीन आहे. विचार करणारे कोण आणि ते एवढा खोल विचार कशाचा करतात, हे घाटंजीत कोणालाच माहीत नाही. तोपर्यंत तास वाटून टाकावेत, असं ठवरे सरांनी ठरवलं. सातवी ‘अ’ मराठी शिकवणाऱ्या निशिगंधा गावंडेंकडे गेली आणि सातवी ‘ब’ विज्ञान शिकवणाऱ्या सुमेधाकडे आली. निवडीचं कारण एवढंच, की सुमेधाच्या फळ्यावरच्या आकृत्या सुबक असतात. ते खोटं नव्हतं. तिने काढलेलं माणसाचं हृदय मुलं दोन दोन दिवस पुसत नसत आणि गणिताचे सर बिचारे उरलेल्या जागेत त्रैराशिक मांडत.

सुमेधाचं शिक्षण प्राणिशास्त्रातलं. पाच वर्षं तिने प्रयोगवहीत बेडूक, झुरळ आणि गांडूळ काढले होते. त्या वहीचे नियम तिच्या हाडात मुरले होते. पेन्सिल टोकदार हवी. रेघ एकच, सलग, न गिरवलेली. सावली देऊ नये, छटा देऊ नये. नावं उजव्या बाजूला, पट्टीने मारलेल्या आडव्या रेघांच्या टोकाला, एकाखाली एक. दोन रेघांनी एकमेकींना छेदणं हा गुन्हा. चित्रकला म्हणजे याहून वेगळं काही असू शकतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने कोणाला विचारलंही नव्हतं.

त्यामुळे सातवी ‘ब’ने वांग्याचं वस्तुचित्र काढलं तेव्हा वांग्याला देठ, निदलपुंज आणि बाह्यसाल अशी नावं पडली. ‘आठवडी बाजार’ हे स्मरणचित्र काढायला दिलं तेव्हा आयुषने भाजीवाली काढली आणि उजवीकडे लिहिलं: १. तराजू, २. मिरच्या, ३. गोणपाट, ४. मावशी. सुमेधाने त्याला दहापैकी नऊ दिले. मावशीची रेघ मिरच्यांच्या रेघेला छेदून गेली होती, म्हणून एक कापला.

सातवी ‘अ’मध्ये मात्र आकाश हिरवं असे, गाई जांभळ्या असत आणि एका चित्रात तर एस.टी.ची बस ढगावर टेकून उभी होती. निशिगंधाचं एकच म्हणणं होतं, “चित्रात सगळं चालतं.” दोन्ही वर्गांच्या मधली भिंत वरून हातभर मोकळी होती. त्या मोकळ्या जागेतून हसू येई. सुमेधाला मोजायची सवय. पस्तीस मिनिटांच्या एका तासात ‘अ’मधून अकरा वेळा हसू आलं. ‘ब’मध्ये त्याच तासाला एकदाच, तेही बाकाचा पाय मोडून कपिल खाली बसला म्हणून.

आपल्याला काय होतं आहे, हे सुरुवातीला तिच्या लक्षात आलं नाही. निशिगंधाने डबा उघडला की तिला त्या भाजीत मीठ जास्त असणार असं वाटे. निशिगंधाची साडी चांगली असली तर ती शाळेला शोभणारी नाही असं वाटे आणि शाळेला शोभणारी असली तर ती निशिगंधाला शोभत नाही असं वाटे. ही सगळी लक्षणं तिने एके दिवशी शांतपणे ओळीने मांडली आणि निदान केलं. निदान झाल्यावर रोग अर्धा बरा होतो म्हणतात. हा बळावला.

अर्जावर ठवरे सर म्हणाले, “भावना लक्षात घ्या मॅडम. मी काही लगेच निर्णय घेत नाही. पोळा होऊ द्या, मग पाहू.” ठवरे सर प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी सणाच्या पलीकडे ढकलत. गेल्या वर्षी नळाची तोटी संक्रांतीनंतर पाहू म्हणून होळीनंतर बसली होती. म्हणजे सुमेधाच्या हातात पोळ्यापर्यंतचे एकोणीस दिवस होते. एकोणीस दिवसांत सातवी ‘ब’ आपल्या बाजूला वळवायची. नाही वळली तर भिंतीच्या पलीकडच्या हसण्यात गुंजनचंही हसू मिसळणार आणि ते आपल्याला ओळखू येणार. तिला भीती होती ती याची.

नवरा, अनंतराव, पाटबंधारे खात्यात. ते म्हणाले, “मग तूही हसव ना त्यांना.” पाणी कमी पडतंय तर सोडा, असं ते ज्या सहजतेने म्हणत त्याच सहजतेने. सुमेधाने दुसऱ्या दिवशी वर्गात इलेक्ट्रॉन हरवलेल्या अणूचा एक विनोद सांगितला. आयुषने वही काढून तो लिहून घेतला आणि हा किती गुणांना येतो, असं विचारलं.

शेजारच्या बेबीताईंचा सल्ला न मागता आला. बेबीताईंचं घर शेतीवालं. कापूस, सोयाबीन, तूर. शेत गावाबाहेर आणि गोठा घरामागे. आसपासच्या सगळ्यांनी ट्रॅक्टर घेतला तरी त्यांनी बैलजोडी मोडली नव्हती. सुमेधा अंगणात कपडे वाळत घालत होती आणि बेबीताई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. कसं कोण जाणे, पण अर्जाची बातमी त्यांना होती. घाटंजीत बातमीला शाळेतून निघून गोठ्यापर्यंत यायला एक मधली सुट्टी पुरते.

“पोट्ट्याइले वांगे कायले काढायले लावता?” त्या म्हणाल्या. “वांगं घरी रोज दिसते. जितं जनावर दाखवा त्याइले. माह्या शुक्र्या घेऊन जा. असा बैल तालुक्यात नाई.”

जिवंत जनावर समोर उभं करून निरीक्षणाने चित्र काढायचं. सुमेधाच्या डोळ्यांसमोर एकदम उजेड पडला. निशिगंधाच्या जांभळ्या गाईंना हेच उत्तर होतं. तिने एक बैल मागितला. बेबीताईंनी मान हलवली. एकटा बैल बिथरते, म्हणाल्या, जोडीनंच येईन. माणक्यालाही न्यावा लागेल.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. शाळेच्या फाटकातून बैल आत नेणं अवघड निघालं. ठवरे सरांनी आधी बेबीताईंचं संमतीपत्र मागितलं. मग जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. डॉक्टर भले होते. त्यांनी सुमेधाचं म्हणणं ऐकून घेतलं, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि लिहून दिलं, ‘सदर दोन्ही प्राणी निरोगी असून चित्रासाठी उभे राहण्यास योग्य आहेत.’ तरी शाळेचं भेट-रजिस्टर उरलंच. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद हवी, असा नियम. नावाच्या रकान्यात शुक्र्या आणि माणक्या, ओळखपत्राच्या रकान्यात कानातल्या बिल्ल्यांचे बारा बारा आकडे, भेटीच्या उद्देशात ‘अध्यापन साहाय्य’. अभिप्रायाचा रकाना रिकामा सोडू नका, असं लिपिकबाईंनी बजावलं. तो अभिप्राय शुक्र्याने कार्यालयाच्या दुसऱ्या पायरीवर दिला. भरपूर दिला आणि मोकळ्या मनाने दिला.

आणि ठवरे सरांनी समदृष्टीने विचार केला. बैल दोन, तुकड्या दोन. शुक्र्या ‘ब’ला, माणक्या ‘अ’ला.

सुमेधाने दहा दिवस खपून जे जमवलं होतं, त्यातलं बरोबर अर्धं निशिगंधाला काहीही न करता मिळालं. “बरं झालं हं मॅडम, तुमच्यामुळे आमचीही मजा होईल,” असं निशिगंधा म्हणाली आणि ती मनापासून म्हणाली. सुमेधाला निशिगंधाचा हाच गुण सगळ्यात जास्त टोचत असे. ती मनापासून बोलायची. खोटं बोलली असती तर निदान पकडता आली असती.

पोळ्याला चार दिवस असताना मैदानावर तास भरला. बेबीताईंकडे सालानं असलेला गडी धावजी दोन्ही बैलांचे कासरे धरून उभा होता. शुक्र्याभोवती सातवी ‘ब’ गोल करून बसली. सुमेधाने सूचना दिल्या. टोकदार पेन्सिल, एक रेघ, छटा नको. शुक्र्या दोन मिनिटं अतिशय जबाबदारीने उभा राहिला. मग त्याने मान वळवली. अर्ध्या वर्गाने खोडरबर काढले. त्याने मान परत वळवली. उरलेल्या अर्ध्यांनी काढले. मग तो बसला. बैल बसताना त्याच्या आकृतीत किती बदल होतात हे ज्याने एकच सलग रेघ ओढत आणली आहे त्यालाच कळतं. वीस मिनिटांनी अख्खा बैल कोणाच्याच वहीत नव्हता. समीक्षाकडे एक शिंग होतं. कपिलकडे शेपटीच्या सात जागा होत्या. गुंजनने नाकपुडी मात्र इतकी हुबेहूब काढली होती, की सुमेधाला क्षणभर भरून आलं.

तेवढ्यात लिंबाखालून हसू फुटलं. निशिगंधाने कागद काढलेच नव्हते. परातीत गेरू कालवून तिने मुलांना सांगितलं होतं, की हात बुडवा आणि माणक्याच्या अंगावर उमटवा. छत्तीस मुलांचे पंजे पडत होते आणि माणक्या डोळे मिटून, पाठ चोळून घेतल्यासारखा सुखाने उभा होता. बसला नाही, हलला नाही. बैलसुद्धा तिच्या बाजूचा निघाला.

सातवी ‘ब’ हळूहळू तिकडे वळली. आधी माना, मग गुडघे. गुंजन उठून उभीच राहिली.

“बसा सगळे,” सुमेधा म्हणाली. पुढचं वाक्य आपण काय बोलणार आहोत हे तिला माहीत नव्हतं. आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं. “आपणही बैलावरच काढणार आहोत. पोळ्याच्या दिवशी. पण हे वरवरचं नाही. बैलाच्या आत काय असतं ते.”

वर्ग वळला. गुंजनने विचारलं, “म्हणजे पोट, मॅडम? चारी कप्पे?”

“चारी कप्पे. नावांसकट.”

पुढचे तीन दिवस सातवी ‘ब’ने रवंथ सोडून दुसरं काही केलं नाही. कोटीपोट केवढं, जाळीपोट कुठे, पडदेपोटाला पडदे किती, चौथ्याला खरं पोट म्हणतात तर बाकीची तीन खोटी का. आयुषने घरच्या म्हशीला कान लावून आवाज ऐकला आणि त्याचा तक्ता केला. तासाला हसू येत नव्हतं, पण तास संपला तरी कोणी उठत नव्हतं. हेही मोजता येतं, हे सुमेधाच्या लक्षात आलं. तिने मोजलं. भिंतीपलीकडे एक दिवस अकराऐवजी सातच वेळा हसले, तेव्हा तिने घरी शिरा केला. अनंतरावांनी कारण विचारलं नाही. शिरा होता.

रंग डॉक्टरांना विचारून ठरले. गेरू, हळद, नीळ आणि काजळी. अंगाला काही होता कामा नये, असं त्यांनी बजावलं. एकच अडचण राहिली होती, झुलीची. पोळ्याला बैलाच्या पाठीवर नक्षीची झूल चढते आणि झूल चढली की पोट झाकलं जातं.

“उघडा नेऊ काय बैलाले पोळ्यात?” बेबीताईंनी विचारलं. “लोक मले काय म्हनतीन? बाईच्या घरी झूल नाई म्हनतीन.”

ही बातमी आली त्याच वाटेने गोठ्यातून शाळेत गेली. निशिगंधाने येऊन बेबीताईंशी गोठ्यात अर्धा तास गप्पा मारल्या, त्यांच्या माहेरची चौकशी केली, चहा घेतला आणि झूल रद्द करून घेतली. दोन्ही बैलांची. सुमेधाने आभार मानले. ते तोंडातून निघताना तिला दाढ काढल्यासारखं वाटलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी धावजीने शुक्र्याला न्हाऊमाखू घालून पांढराफेक करून आणला. बेबीताईंच्या मागच्या अंगणात एका कोपऱ्यात ‘अ’ आणि एका कोपऱ्यात ‘ब’. माणक्यावर मोर चढत होते. गुंजनने खडूने शुक्र्याच्या डाव्या कुशीवर कोटीपोटाची बाहेरची रेघ मारली. एकच, सलग. सुमेधा ते पाहत होती आणि एवढ्यात धावजी म्हणाला, “मॅडम, इकडून कायले काढून राह्यले? हे कोनाले दिसते? शुक्र्या उजवा हाय.”

उजवा म्हणजे जोडीत उजव्या अंगाला जुंपला जाणारा. वासराचा बैल झाला तेव्हापासून तो उजवीकडेच. डावीकडे घातला तर बसून घेते, असं धावजीने सांगितलं. म्हणजे पोळ्यात शुक्र्याची डावी कूस माणक्याकडे असणार. सातवी ‘ब’चं चार कप्प्यांचं पोट साऱ्या घाटंजीत फक्त माणक्याला दिसणार, आणि लोकांना दिसणार शुक्र्याची कोरी उजवी कूस, आणि पलीकडून माणक्याच्या डाव्या कुशीवरचे निशिगंधाचे तीन मोर.

आता, रवंथ करणाऱ्या प्राण्याचं कोटीपोट डावीकडे असतं. यावर मतभेद नाहीत. पोटफुगीने बैल फुगतो तो डावीकडूनच. सुमेधाने हे मुलांकडून तीन दिवस घोकून घेतलं होतं. ती विहिरीपाशी जाऊन दोन मिनिटं उभी राहिली. तिकडून ‘अ’मधलं कोणीतरी खदखदून हसलं. बरोबर निशिगंधाही हसली. सुमेधा परत आली.

“पुसा,” ती म्हणाली. “उजवीकडे काढा.”

सगळे थांबले. गुंजन म्हणाली, “पण मॅडम, उजवीकडं नसते ते.”

“मला माहीत आहे,” सुमेधा म्हणाली. मग तिच्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते ऐकून तिचेच कान तापल्यासारखे झाले. “चित्रात चालतं.”

गुंजनने तिच्याकडे पाहिलं. ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसली आणि ती बैलाच्या पलीकडच्या अंगाला गेली. सुमेधाला तिथे उभं राहवेना. साडी बदलून येते, असं सांगून ती घरी गेली आणि चांगला तासभर साडी बदलत बसली.

संध्याकाळी बाजाराच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली जोड्या ओळीने उभ्या. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरांच्या माळा. सुमेधा पोचली तेव्हा एका जोडीभोवती ही गर्दी. ती जोडी बेबीताईंची होती. मोरांच्या बाजूला लोक येत, ‘वा’ म्हणत आणि पुढे जात. शुक्र्याच्या बाजूला आलेले पुढे जातच नव्हते. पुढचे वाचत होते, मागचे काय लिहिलंय म्हणून विचारत होते आणि वाचून झालेले पोट धरून हसत होते.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. शुक्र्याच्या उजव्या कुशीवर गेरूचं कोटीपोट होतं, हळदीचं जाळीपोट, निळीचं पडदेपोट आणि काजळीने रेखलेलं खरं पोट. नावांच्या रेघा पट्टीने मारलेल्या, एकही दुसरीला छेदत नव्हती. आणि खाली, मांडीच्या अलीकडे, काजळीच्या बारीक अक्षरांत चार ओळी:

‘टीप: कोटीपोट प्रत्यक्षात डाव्या बाजूला असते. बैल उजवा असल्यामुळे येथे दाखवले आहे. फुगल्यास डावीकडे पाहावे. – सातवी ब.’

आयुष तिथे उभा राहून शेतकऱ्यांना समजावत होता. लोक प्रश्न विचारत होते आणि ‘ब’ची मुलं उत्तरं देत होती. पाच एकर कापूसवाले, मिशीवाले, बैल राखण्यात जन्म गेलेले लोक सातवीतल्या मुलांना विचारत होते, की मग कडबा आधी कोणत्या खोलीत जाते. परीक्षक म्हणून फिरणारे ते जनावरांचे डॉक्टर टीप वाचून इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी तो पुन्हा लावला आणि म्हणाले, बरोबर आहे.

झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात झडती म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही. वर्षाचं साठलेलं तो त्या दिवशी ओळी जुळवून बोलून घेतो. नागोराव म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी हात वर केला आणि गर्दी गप्प झाली.

“शुक्र्याचं पोट पाहा आलं बाहेर,
चार खोल्या आत, कडब्याचं माहेर;
मास्तरीणबाईनं लावली पाटी,
घर हाय डावीकडं, पत्ता उजव्या काठी!
हर बोला हर हर महादेव!”

सारं मैदान हसलं. सुमेधाने ते मोजलं नाही. मोजण्यापलीकडचं होतं. तिच्या कानशिलांत ऊन साठलं होतं. एवढ्यात गुंजन शेजारी येऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

“मॅडम, राग आला का?” तिने हळूच विचारलं. “तुमचं चुकलं असं कोणी म्हनू नये, म्हनून लिहिलं.”

सुमेधाने रुमाल काढला आणि गुंजनच्या नाकावरची काजळी पुसली. ती आणखी पसरली.

जोडीला दुसरा क्रमांक मिळाला. एका बैलाला क्रमांक देत नाहीत, जोडीलाच देतात, म्हणून तो दोघींना मिळाला आणि ढाल ठवरे सरांच्या केबिनमध्ये गेली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. फोटो शुक्र्याच्या पोटाचा होता, टीप स्पष्ट वाचता येत होती, आणि खाली छापलं होतं, ‘शिक्षिका निशिगंधा गावंडे व सहकारी यांनी साकारलेला बैल’. सुमेधाने ‘व सहकारी’ हे शब्द बराच वेळ पाहिले. अनंतराव म्हणाले, त्यात काय एवढं. त्या दिवशी भाजीत मीठ खरोखर जास्त पडलं.

तरी मुख्य गोष्ट जिंकली होती, असं तिला वाटत होतं. सोमवारी सातवी ‘ब’ अख्खी ठवरे सरांकडे गेली. आमचा अर्ज आम्हांला परत द्या, म्हणाली. सरांनी आवक-जावक रजिस्टर उघडून दाखवलं. अर्जाला आवक क्रमांक पडला होता. आवक क्रमांक पडलेला अर्ज परत घेता येत नाही. तो एक तर मंजूर होतो, नाही तर नामंजूर. आणि त्याच रजिस्टरमध्ये शेवटच्या ओळीला त्या सोमवारी सकाळीच आणखी एक अर्ज चढला होता. नमुन्याबरहुकूम. छत्तीस सह्या. ‘विषय: आम्हांलाही आतले चित्र शिकायचे असल्याने सातवी अ चा चित्रकलेचा तास मोहरील मॅडम यांना देण्याबाबत.’

ठवरे सरांचा चेहरा उजळला. पोळाही झाला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाच आदेशाने दोन अर्ज निकालात काढण्याचा योग त्यांना पहिल्यांदा आला होता. दोन्ही मंजूर. सातवी ‘अ’ सुमेधाकडे, सातवी ‘ब’ निशिगंधाकडे. दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की मुलांच्या मनासारखं झालं आणि कोणावर अन्याय झाला नाही. सुमेधाने निशिगंधाकडे पाहिलं. निशिगंधा मनापासून काहीही बोलली नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचा ओठ किंचित आत ओढला गेला होता. ही लक्षणं सुमेधाने इतकी जवळून अभ्यासली होती, की तिला दुसऱ्यांदा पाहायची गरज पडली नाही.

बुधवारी नवा तास सुरू झाला. सातवी ‘अ’ने वह्या उघडल्या. त्यांना मासा हवा होता, आतून. सुमेधाने फळ्यावर एक रेघ ओढली, सलग, आणि वर्गाने श्वास रोखला. चांगला वर्ग होता. वात्रट होता, पण चांगला. कल्ल्यांपर्यंत आली आणि भिंतीपलीकडून हसू आलं. त्या हसण्यात एक जरा उशिरा सुरू होणारं, आधी विचार करून मग हसणारं हसू होतं. तिला ते ओळखू आलं.

ती खडू हातात घेऊनच दाराशी गेली. शेजारच्या दारात निशिगंधा उभी होती. तिच्या हातात ब्रश होता आणि कान ‘अ’कडे लागले होते. दोघींनी एकदमच व्हरांड्याच्या टोकाकडे, घंटेकडे पाहिलं.

“तुमची गुंजन फार प्रश्न विचारते हो मॅडम,” निशिगंधा म्हणाली.

“विचारते,” सुमेधा म्हणाली. जरा थांबून तिने विचारलं, “आत्ता कोणता विचारला?”

निशिगंधाने ब्रशच्या टोकावरचा रंग पाहिला. “आमचंच काहीतरी होतं,” ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सुमेधा फळ्यापाशी परतली. मासा पुरा केला. मग मागे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात वर्गाला म्हणाली, की आता सगळ्यांनी मिळून प्रश्न विचारा बरं. आपलं दार तिने सताड उघडं ठेवलं होतं.